एकाच पायाचं माप

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. नमस्कार खरोखर वाकून केला आहे. वाकताना गुडघे कुरकुरले, आणि पत्राचा विषयही तोच आहे.

पत्रास कारण की, मी पळायला जायचं ठरवलं आहे. हसून झालं की पुढे वाच.

झालं असं, की आमच्या चष्म्याच्या दुकानात मालकांनी सगळ्यांची तपासणी करवून घेतली. माझ्या रक्तात साखर निघाली. अजून रोग म्हणता यायचा नाही, पण आता हातपाय हलवले नाहीत तर वर्षभरात म्हणता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. घरात कुणाला होती का, असं तिने विचारलं. मी आईचं सांगितलं, की बोटापासून सुरू झालं आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला. सांगता सांगता मला खाटेखालच्या त्या चपला दिसल्या. एकच पाय उरला होता, तरी दोन्ही चपला जोडीने लावायला सांगायची आई. तू लावायचीस आणि मी रडत बाहेर पळायचे. ताई, मला त्या खाटेवर जायचं नाही. तुला तर साखर माझ्या कितीतरी आधीपासून आहे, पण तू गोळ्या घेतेस, तपासून घेतेस, असं तूच सांगतेस. म्हणून तुझी काळजी नाही, माझीच आहे.

आता कपड्यांचं. आमच्या घरामागच्या मैदानावर सकाळी एक टोळी पळते. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, ते डोक्यापासून पायापर्यंत पोपटी असतात. एक वकीलबाई आहेत, त्यांची विजार इतकी घट्ट, की ती घातली आहे की रंगवली आहे ते कळत नाही. सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं, आणि पळण्यापेक्षा त्या घड्याळांकडे बघण्यातच यांचा दम जातो. खेळाच्या दुकानात तसले कपडे मी हातात घेऊन पाहिले आणि परत ठेवले. तू आयुष्यभर शाळांचे गणवेश आणि साहेबांचे कोट शिवलेस, बहिणीला पळायचे कपडे शिवून दे. फोन केला असता, पण तुझ्या मशीनच्या खडखडाटात तू सगळ्याला हो म्हणतेस आणि नंतर कानावर हात ठेवतेस.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, थट्टा थोडी कमी कर.

तुझी
चिमी

*

ता. ११ जानेवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक खास अकलेसाठी.

पळणार म्हणे! शाळेत खेळाचा तास आला की पोट धरून वर्गात बसणारी तू, आता पन्नाशीला येऊन मैदान गाजवणार. तुझ्या भावोजींना पत्र वाचून दाखवलं. ते दुरुस्तीला आलेल्या घड्याळात तोंड घालून बसले होते, तिथूनच म्हणाले की कोण मागे लागलंय तिच्या?

तरी कपडे पाठवते आहे. दोन विजारी, दोन अंगरखे. कापड जाड सुती, धुऊन आटवून घेतलेलं. कडेला दुहेरी शिवण, गुडघ्यावर आतून ठिगळ, चार खिसे, कमरेला नाडी आणि नाडीवर विश्वास नसेल तर बटण. तुझ्या पोटाला माप वाढवलं आहे, लाजू नकोस. डावी बाही मुद्दाम लांब आहे, कारण तुझा डावा खांदा खाली उतरतो. एक बाजू मोजून दुसरी धरून चालणाऱ्या शिंप्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही, हे तुला माहीत आहे. माणूस दोन्हीकडून सारखा कधीच नसतो. त्या ताणणाऱ्या कापडाचं मला सांगू नकोस. जे ओढलं की लांबतं आणि सोडलं की आखडतं, त्याला शिंपी कशाला लागतो? त्याला गिऱ्हाईकही नको, मूर्ख लागतो.

बुटांबद्दलही ऐकून आहे. कोटवाले साहेब सांगत होते, की तळव्यात हवा असते, टाचेला उशी असते. पायाला उशी! डोक्याला द्यायची सोडून. आपण लहानपणी खडीच्या रस्त्यावर अनवाणी हुंदडलो, काय झालं? परवाची गंमत ऐक. सकाळी कधीतरी टाचणी चपलेतून आरपार माझ्या उजव्या तळव्यात घुसली होती. संध्याकाळी पाय धुताना दिसली. तोवर दिवसभर पायडल मारत होते, मला पत्ताही नाही! तुझे भावोजी पांढरेफटक पडले आणि मी हसत सुटले. याला म्हणतात पाय. तुमचे बूटवाले असा पाय विकत देतात का विचार.

साखरेची काळजी घे. लोभ तर आहेच, त्याला घाम आणू नकोस.

तुझी
ताई

*

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. उभ्यानेच केला आहे, कारण बसवत नाही.

तुझी विजार घालून मैदानावर गेले. पहिल्या फेरीला रुबाब होता. तिसऱ्या फेरीला त्या कापडाने माझा सगळा घाम पिऊन घेतला आणि ते ओल्या सतरंजीसारखं लोंबायला लागलं. खिसे जड झाले, नाडी घसरली, बटण मात्र इमानाने उभं राहिलं. आणि तुझी ती दुहेरी शिवण, जिच्यावर मुख्याध्यापक खूश असतात, तिने माझ्या मांड्या आतून सोलून काढल्या. वकीलबाई मागून येऊन म्हणाल्या, की घरात काही दुःखद घडलंय का, असे कपडे का घातलेत? मला त्यांच्या घट्ट विजारीला कात्री लावावीशी वाटली. पण ताई, खरं सांगते, त्यांच्या मांड्या सोललेल्या नव्हत्या.

बुटांची तऱ्हा वेगळीच. सकाळी कामावर जाता जाता दुकानात शिरले. विकणाऱ्याने मला एका फिरत्या पट्ट्यावर चालवलं, मागून चित्र घेतलं आणि मान हलवत सांगितलं की तुमचं पाऊल आत कलतं. पन्नास वर्षं त्याच पावलावर उभी आहे, कुणाची तक्रार आली नाही. मी तोऱ्यात म्हटलं, की माझं माप मला माहीत आहे, ऑफिसच्या चपलेचं देतात तेच द्या. दिले. छान घट्ट बसले. पंधरवड्यात अंगठ्याचं नख काळं पडलं. इतकं ठणकतं, की रात्री पांघरुणाचा स्पर्श नको वाटतो.

वर त्या पोपटी डॉक्टरांचं प्रवचन. दात बघायचे सोडून माझ्या पायांकडे बघत म्हणाले, की बूट सकाळी घ्यायचे नसतात, दिवसभरात पाय फुगतो. संध्याकाळी जायचं, पळायचे मोजे बरोबर न्यायचे, उभं राहून पाहायचं आणि बोटांपुढे अंगठाभर जागा सोडायची. इतक्या शहाणपणाने बोलले, की राग राग आला. सगळं बरोबर होतं, हे त्याहून वाईट.

नवे बूट घेईन म्हणते. विजारी परत पाठवू का? लोभ असावा, आणि विजारीपेक्षा हलका असावा.

तुझी
चिमी

*

ता. ९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडून देते आहे.

इतक्या वर्षांत माझी शिवण कुणाला टोचल्याचं ऐकलं नव्हतं. पोलिसांचे गणवेश शिवले मी, ते चोरांमागे धावायचे, एकही पोलीस सोललेल्या मांड्या घेऊन परत आला नाही. तू मात्र मैदानाला चार फेऱ्या मारून माझ्या नावाने खडे फोडतेस. विजारी पाठवून दे. कापड चांगलं आहे, पिशव्या होतील. आणि त्या वकीलबाईला सांग, की घरात दुःखद काही नाही, फक्त बहीण कृतघ्न निघाली.

नख काळं पडलं म्हणून एवढा गहजब? दीड पान लिहिलंस नखावर! माझ्या पायाला काय काय होतं, मी लिहीत बसते का?

इकडची हकीकत म्हणजे मशीनला मोटार बसवली. हो, मीच. मोटारवाल्यांना आळशी म्हणणारी मीच. पायडल जुनं झालंय, हल्ली पायाखालून निसटतं. उगाच टाके चुकतात आणि मुलांचे खिसे वाकडे होतात. घरात तुझ्या भावोजींच्या जुन्या सपाता घालते, मोकळ्या असतात. त्यांनी नव्या घेतल्या आणि दोन दिवस मिरवल्या. एकंदरीत सगळे आपापल्या पादत्राणांवर खूश आहेत, तू सोडून.

राग आहे, तो लोभातूनच आला आहे असं समजावं.

तुझी
ताई

*

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. आज मुद्दाम पाय जुळवून केला, कारण दोन्ही पाय खूश आहेत.

शेवटी संध्याकाळी गेले. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून पाय सुजले होते, ते तसेच नेले. मोजे पिशवीत. त्याच विकणाऱ्याला म्हटलं, की दोन्ही पाय मोजा, माझी बहीण शिंपी आहे. उजवा मोठा निघाला! त्याच्या मापाने बूट घेतले. त्या मापात एकच रंग होता, असा भडक नारिंगी, की शेजारणीने गॅलरीतून विचारलं काही पेटलंय का. आणि हो, घट्ट विजारही घेतली. दुकानातल्या आरशाकडे पाठ करून घातली. छाती आवळून धरणारा आतला पट्टाही त्यांच्याकडचाच घेतला, तो घालताना आणि काढताना जेवढा व्यायाम होतो तेवढा पळताना होत नाही. पण ताई, काहीही घासत नाही, काहीही लोंबत नाही. काल अख्खं मैदान न थांबता पळले आणि संपल्यावर बाकावर बसून रडले. वकीलबाईंनी पाणी दिलं. त्या इतक्याही वाईट नाहीत, विजार सोडली तर.

डॉक्टरीणबाई म्हणाली, साखर खाली आली आहे.

आता तुझं. तूही संध्याकाळी थोडं चालत जा, पण त्या सपातांत नको. मी बूट पाठवते. दिवसभराचं काम झाल्यावर कागदावर उभी राहा आणि भावोजींना पेन्सिल फिरवायला सांग. दोन्ही पाय. तुला हे मी सांगायचं म्हणजे काय, पण सांगते.

लोभ वाढता ठेव, बुटात जागा ठेवतात तशी.

तुझी
चिमी

*

ता. २७ फेब्रुवारी

चि. चिमीस,
आशीर्वाद.

नारिंगी! रस्ता खोदणारे घालतात तो रंग. आईने पाहिलं असतं तर तुला घरात घेतलं नसतं. या वयात पेटत्या पायांनी गावभर हिंडायचं आणि वर मलाही तसलंच घालायला लावायचं. मी कोट शिवणारी बाई आहे, सर्कशीत नाही.

तरी तुझी भुणभुण नको म्हणून कागद पाठवते आहे. डावा पाय आहे. उजवा तसाच, उलटा करून धर. कामाचा डोंगर आहे, कागदावर नाचायला वेळ नाही. शाळा सुरू व्हायला अवकाश असला तरी गणवेशाचं कापड येऊन पडलंय.

एवढ्यात सुट्टी काढून येऊ नकोस. घराला रंग द्यायचं चाललंय, सगळीकडे पसारा आहे. भावोजी ठीक. मीही ठीक.

लोभ असावा, चौकशा नसाव्यात.

तुझी
ताई

*

ता. ३ मार्च

ताई,

नमस्कार आज नाही. उजवा पाय कुठे आहे?

अख्ख्या गावाचे दोन-दोन खांदे मोजणारी बाई मला एक पाय पाठवते आणि उलटा करून धर म्हणते. मूर्ख समजतेस मला? आमच्या दुकानात अशी गिऱ्हाईकं रोज येतात. एका डोळ्याने दिसत नसतं, म्हणून तो झाकायला हौसेने पुढे होतात आणि चांगल्या डोळ्याने अक्षरं घडाघडा वाचतात. मी त्यांना सरळ दुसरा डोळा झाकायला सांगते. मग एकही अक्षर वाचता येत नाही.

तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. टाचणी दिवसभर पायात आणि तुला पत्ता नाही. पायडल निसटतं. सपाता मोकळ्या लागतात. मी हे सगळं वाचून हसले होते, त्याची मला लाज वाटते. भावोजींना फोन केला. पाच मिनिटं कुणाच्या तरी भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलत राहिले आणि मग एकदम रडले. बोट काळं पडलंय, वास येतो, आणि तू त्यांना शपथ घातलीस म्हणे की चिमीला कळता कामा नये. गोळ्याही सहा महिने बंद. कशाला, तर बरं वाटतंय म्हणून! घराला रंग देताय म्हणे. काय थापा मारतेस गं.

माझं नख ठणकत होतं, म्हणून मी रडले, ओरडले आणि बूट बदलले. तुझं दुखत नाही, याचं तुला कौतुक वाटतं? याला म्हणतात पाय, असं मला लिहितेस? साखरेने पाय बधिर होतो; आईलाही दुखलं नव्हतं, ताई. शेवटपर्यंत म्हणत होती, मला काही होत नाहीये.

शनिवारी पहिल्या गाडीने येते. तू तयार हो किंवा होऊ नकोस, मी तुला उचलून नेईन. आता माझ्या पायात जोर आहे.

चिमी

*

ता. १९ मार्च

चि. चिमीस,
आशीर्वाद. मी पत्र लिहिणारा माणूस नाही, म्हणून तुझ्या ताईसारखं फुलवता येत नाही.

तू कामावर परत गेल्यापासूनची हकीकत अशी. परवा शस्त्रक्रिया झाली. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काढलं. जखम कोरडी आहे. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस घरी बसली असती तर बोटावर भागलं नसतं. मी त्यांना पुन्हा विचारलं, म्हणजे पाय राहिला ना? राहिला म्हणाले. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो थोडा वेळ.

ही शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा दवाखान्याच्या गाऊनची शिवण उलटून पाहिली आणि नर्सबाईंना विचारलं, की हे कुणी शिवलं, कसायाने का? त्यावरून बरी आहे असं समजलो. तुझ्यावर फार चिडलेली आहे. तू ज्या खुर्चीवर बसायचीस ती मात्र कुणाला हलवू देत नाही.

शपथ पाळली हे माझं चुकलं. पुन्हा पाळणार नाही. माझ्या जुन्या सपाता ती घालायची त्या आता मी परत घेतल्या आहेत, कारण त्यात टाचेला पकड नाही असं डॉक्टर म्हणाले.

लोभ असावा. आहेच म्हणा.

तुझे
भावोजी

*

ता. ११ एप्रिल

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद. मागच्या महिन्याचे राहिलेले धरून.

घरी आले. आल्या आल्या पाहिलं तर तुझ्या भावोजींनी माझी कात्री घड्याळाचा पट्टा कापायला वापरली होती. त्यावरून पहिलं भांडण झालं आणि बरं वाटलं.

तू दवाखान्यात त्या नारिंगी बुटांत शिरलीस तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, तुमची मुलगी का हो? मी म्हटलं, छे, कोण कुठली. डॉक्टरांशी तू ज्या आवाजात बोललीस तो कुठून आणलास? लहानपणी तर माझ्या पदराआडून बोलायचीस. मैदानावर सगळे असेच ओरडतात वाटतं.

आता एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. मी घाबरले होते. बोट दाखवलं तर पाय मागतील, असं डोक्यात बसलं होतं. आईचं तसंच झालं. त्या चपला मी लावायचे रोज, तू बाहेर रडत असायचीस. मला रडायला मिळालं नाही आणि ते सगळं आत बसून राहिलं. म्हणून टाचणीवर हसले. हसले नसते तर कबूल करावं लागलं असतं. तू आली नसतीस तर मी अजून गणवेशच शिवत बसले असते. झालं, लिहिलं.

डॉक्टरांनी रोज रात्री दोन्ही तळवे आरशात बघायला सांगितलंय. पन्नाशीनंतर बायका आरशात तोंड बघायचं टाळतात, मी पाय बघत बसते. बुटांत पाय घालण्याआधी हात घालून पाहायचा, आत शिवण टोचणारी नको, पुढे जागा हवी, टाच पकडलेली हवी. म्हणजे तुझ्या त्या पोपटी दातवाल्याचंच सगळं. त्याला माझा नमस्कार सांग आणि तो माझ्याकडून आहे हे सांगू नकोस. परवा तुझ्या विजारी उसवल्या. आतल्या शिवणी सपाट करता येतात का पाहते आहे. ते ताणणारं कापडही थोडं पाठव. नुसतं बघायला.

सोबत कागद आहे. उजवा पाय, संध्याकाळी, उभं राहून. पेन्सिल भावोजींनी फिरवली, ते मध्येच डोळे पुसायला थांबले म्हणून टाच वाकडी आली आहे, ती माझी नाही. बोटं चारच आहेत, पाचवं शोधत बसू नकोस. डाव्याचं माप तुझ्याकडे आहे, पण तेही नव्याने काढून जोडलं आहे. एक मोजून दुसरं धरून चालायचं नाही.

रंग तोच नारिंगी आण. हसू नकोस. पायाला काही कळत नाही, तर निदान डोळ्याला तरी खाली बघायची आठवण राहील.

दारापाशी जागा करून ठेवली आहे. जोडी पाठव, चिमे. मला दोन्ही लागणार आहेत.

तुझी
ताई